हेवी मेटल संगीतातील जोडगिटार : समान भागीदारीची घडण आणि कसोटी (१९६९ ते २०२२)

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात १९६० नंतरच्या दशकात गिटारवादकाला नायकाचे स्थान प्राप्त झाले. रंगमंचाच्या अग्रभागी उभा राहून दीर्घ एकलवादन करणारा आणि केवळ आपल्या नावावर श्रोत्यांना खेचून आणणारा एकटा वादक, ही रॉक संगीताची सर्वाधिक परिचित प्रतिमा होय. जिमी हेंड्रिक्स आणि एरिक क्लॅप्टन यांच्या लोकप्रियतेने ती दृढ केली. या प्रतिमेला छेद देणारी एक प्रथा १९७० नंतरच्या दशकात हेवी मेटल या संगीतप्रकारात रुजली. एकाच समूहात दोन मुख्य गिटारवादक असावेत, त्यांपैकी कोणीही दुसऱ्याचा कायमचा साथीदार नसावा आणि दोघांचा दर्जा समान असावा, असे या प्रथेचे स्वरूप होते. इंग्रजीत तिला 'ट्विन लीड गिटार' असे म्हटले जाते. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी 'जोडगिटार' ही संज्ञा वापरली आहे.

जोडगिटारीचे वर्णन बहुधा एक वादनशैली म्हणून केले जाते. दोन गिटारांवर एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांपासून एकाच वेळी वाजविणे, असा तिचा अर्थ सांगितला जातो. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहता जोडगिटार ही दोन कलावंतांमधील कामाच्या आणि श्रेयाच्या वाटणीची व्यवस्था होती. एकलवादन कोणाच्या वाट्याला यावे, त्या वेळी साथ कोणी करावी, रचनेचे श्रेय कोणाला मिळावे आणि दोघांपैकी एक निघून गेल्यास त्याच्या रिकाम्या जागेचे काय करावे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समूहाला शोधावी लागली. समानता ही जोडगिटारीची आपोआप लाभलेली अवस्था नव्हती. ती काही संकेतांच्या आधारे घडवावी आणि टिकवावी लागली. कालांतराने ही भागीदारी दोन व्यक्तींची न राहता दोन जागांची बनली. हा प्रवास काही प्रमुख समूहांच्या, आणि विशेषत्वाने 'ज्यूडास प्रीस्ट' या ब्रिटिश समूहाच्या, इतिहासाच्या आधारे येथे मांडला आहे.

संकल्पनेचे स्वरूप

रॉक समूहात दोन गिटारवादक असणे ही गोष्ट मुळात नवीन नव्हती. तथापि त्यांच्यात कामाची ठरावीक उतरंड असे. 'लीड' गिटारवादक मुख्य सुरावट आणि एकलवादन सांभाळी, तर 'ऱ्हिदम' गिटारवादक स्वरगुच्छांच्या साहाय्याने लय धरून ठेवी. मराठी वाचकाला परिचित असलेल्या पोवाड्याच्या परिभाषेत सांगायचे तर एक शाहीर आणि दुसरा झीलकरी, असे हे नाते होते. झीलकऱ्यावाचून पोवाडा उभा राहत नाही, परंतु नाव शाहिराचे होते. जोडगिटारीने ही विभागणी व्यक्तींवरून उचलून प्रसंगांवर नेली. एकाच गीतात पहिला वादक एकलवादन करीत असता दुसरा साथ करतो, पुढच्या भागात भूमिकांची अदलाबदल होते आणि काही ठिकाणी दोघेही एकत्र पुढे येतात.

या एकत्र येण्याच्या तीन पद्धती दिसून येतात. पहिल्या पद्धतीत दोन्ही गिटारांवर एकच स्वरावली तंतोतंत एकत्र वाजविली जाते. हेवी मेटलमध्ये 'रिफ' या नावाने ओळखला जाणारा, पुनःपुन्हा येणारा लहान स्वरसमूह बहुधा असा वाजविला जातो आणि त्यामुळे ध्वनीला भरीवपणा येतो. दुसऱ्या पद्धतीत दोघे आळीपाळीने एकलवादन करतात. आपल्याकडील जुगलबंदीतील सवाल-जवाबाशी तिचे साम्य आहे. तिसरी पद्धत हार्मनीची, म्हणजे स्वरसंवादाची होय. हिंदुस्थानी संगीतातील जुगलबंदीत तिला समांतर असे काही आढळत नाही, म्हणून तिचे थोडे विवरण आवश्यक आहे.

हेवी मेटलमध्ये वारंवार आढळणारी मायनर स्वरपंक्ती स्थूलमानाने आसावरी थाटाशी जुळते. या स्वरपंक्तीत एक वादक षड्जावर असता दुसरा कोमल गांधारावर असतो. पहिला ऋषभावर गेला की दुसरा मध्यमावर जातो आणि पहिला कोमल गांधारावर आला की दुसरा पंचमावर पोहोचतो. यांतील पहिल्या दोन जोड्यांमधील अंतर तीन अर्धस्वरांचे आहे, तर तिसऱ्या जोडीतील अंतर चार अर्धस्वरांचे आहे. म्हणजेच दुसऱ्या वादकाला पहिल्याची सुरावट ठरावीक अंतरावर सरकवून जशीच्या तशी वाजविता येत नाही. त्याला स्वतंत्र सुरावट वाजवावी लागते, आणि तरीही तार खेचण्याची पद्धत, कंपनाचा वेग व स्वर सोडण्याचा क्षण या बाबतींत पहिल्या वादकाशी एकरूप व्हावे लागते. स्वतंत्र राहून एकरूप होण्याची ही अट केवळ तांत्रिक नाही. दुसऱ्याच्या हाताची सवय आत्मसात केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही आणि अशी सवय दीर्घ सहवासातूनच लागते.

येथे ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष मैफल यांतील भेदही लक्षात घ्यावा लागेल. अमेरिकन वादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये 'लव्हर' या रचनेत स्वतःच्याच वादनाचे थर एकमेकांवर चढवून अनेक गिटारांचा आभास निर्माण केला होता. तेव्हापासून एकाच वादकाला ध्वनिमुद्रणात हवी तितकी गिटारे वाजविणे शक्य झाले. त्यामुळे दोन गिटारांचा ध्वनी मिळविण्यासाठी दोन माणसांची आवश्यकता होती असे म्हणता येत नाही. दोन माणसांची आवश्यकता रंगमंचावर होती. जोडगिटारीचा इतिहास म्हणूनच प्रामुख्याने प्रत्यक्ष सादरीकरण करणाऱ्या समूहांचा इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : १९६६ ते १९७२

दोन समान दर्जाचे मुख्य गिटारवादक एकाच समूहात आणण्याचा एक लक्षणीय ब्रिटिश प्रयोग 'यार्डबर्ड्स' या समूहात १९६६ मध्ये झाला. जेफ बेक आणि जिमी पेज हे दोन्ही वादक काही महिने एकत्र वाजवीत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बेक समूहाबाहेर पडल्याने हा प्रयोग अल्पायुषी ठरला. दोन नायक एका रंगमंचावर मावतात काय, हा प्रश्न मात्र त्यातून उपस्थित झाला.

अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑलमन ब्रदर्स बँड' या समूहाने त्याचे अधिक समाधानकारक उत्तर दिले. डुएन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या वादनात स्वरसंवाद आणि आळीपाळीचे दीर्घ एकलवादन यांचा मेळ साधला होता. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रित झालेल्या 'ॲट फिलमोर ईस्ट' या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा प्रत्यय येतो. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी मोटारसायकल अपघातात डुएन ऑलमन यांचे निधन झाले. त्यानंतर समूहाने त्यांच्या जागी लगेच दुसरा गिटारवादक नेमला नाही. १९७२ मध्ये चक लेव्हेल हे पियानोवादक समूहात आले. भागीदार गेला तेव्हा भागीदारीही संपली, असे या निर्णयाचे स्वरूप होते. पुढील काळातील हेवी मेटल समूहांनी नेमका याच्या उलट मार्ग स्वीकारलेला दिसतो.

ब्रिटनमध्ये 'विशबोन ॲश' या समूहाची जोडगिटार जवळजवळ अनिश्चिततेतून जन्माला आली. १९६९ मध्ये मार्टिन टर्नर आणि स्टीव्ह अपटन हे नव्या गिटारवादकाच्या शोधात होते. निवडीच्या अंतिम टप्प्यावर अँडी पॉवेल आणि टेड टर्नर हे दोन उमेदवार उरले. दोघांपैकी कोणाला नाकारावे हे ठरेना, म्हणून दोघांनाही घेण्यात आले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आर्गस' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने जोडगिटारीचा एक नमुनाच पुढील पिढीसमोर ठेवला. हा समूह हेवी मेटल प्रकारात मोडत नाही. त्याच्या संगीतात लोकसंगीताची छटा अधिक आहे. परंतु दोन वादकांच्या समान दर्जाचा संकेत हेवी मेटलकडे ज्या वाटांनी आला, त्यांतील ही एक प्रमुख वाट होय.

थिन लिझी : जोडी आणि तिची नाजूक बाजू

आयर्लंडमधील डब्लिन येथे १९६९ मध्ये स्थापन झालेला 'थिन लिझी' हा समूह आरंभी एकाच गिटारवादकाचा होता. एरिक बेल हे वादक १९७३ च्या अखेरीस बाहेर पडल्यानंतर समूहाचे प्रमुख फिल लिनॉट यांनी १९७४ मध्ये दोन नवे वादक घेतले. त्यांपैकी स्कॉट गोरहॅम हे कॅलिफोर्नियाचे, तर ब्रायन रॉबर्टसन हे स्कॉटलंडचे होते. दोघांची वादनप्रकृती भिन्न होती. १९७६ च्या 'जेलब्रेक' या ध्वनिमुद्रिकेत या दोघांच्या स्वरसंवादाने गीतांच्या मधल्या जागा भरून काढल्या. येथील स्वरसंवाद लांबलचक नाही. तो गीताच्या दोन चरणांमध्ये, गुणगुणता येईल अशा लहान सुरावटींच्या रूपात येतो. त्यामुळे दोन गिटारांचा मेळ हा केवळ कौशल्यप्रदर्शनाचा भाग न राहता गीताची ओळख बनला.

या जोडीची नाजूक बाजूही लवकरच उघड झाली. नोव्हेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यास निघण्याच्या आदल्या दिवशी, लंडनमधील एका क्लबात झालेल्या मारामारीत रॉबर्टसन यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि दौरा रद्द करावा लागला. पुढील वर्षाच्या आरंभीच्या दौऱ्यात गॅरी मूर यांनी त्यांची जागा घेतली. १९७७ च्या 'बॅड रेप्युटेशन' या ध्वनिमुद्रिकेतील बहुतांश गिटारवादन गोरहॅम यांनी एकट्यानेच केले. तिच्या मुखपृष्ठावर केवळ तिघा सदस्यांच्या प्रतिमा आहेत. रॉबर्टसन मोजक्या गीतांपुरते परतले आणि १९७८ मध्ये कायमचे बाहेर पडले. ध्वनिमुद्रणात एक वादक दोघांचे काम करू शकतो, हे या प्रसंगाने सिद्ध केले. तथापि समूहाने दौऱ्यांसाठी दुसरा गिटारवादक घेण्याचे कधीही थांबविले नाही. १९७८ पासून समूह अखेरीस विसर्जित होईपर्यंत गोरहॅम यांच्यासोबत एकामागून एक वादक आले आणि गेले. 'दुसरी जागा' ही संकल्पना येथे प्रथम स्पष्टपणे आकार घेताना दिसते.

ज्यूडास प्रीस्ट : भागीदारीचे संस्थारूप

हेवी मेटलमध्ये जोडगिटारीला निश्चित स्वरूप देण्याचे श्रेय मुख्यतः 'ज्यूडास प्रीस्ट' या समूहाकडे जाते. इंग्लंडच्या मध्य भागातील बर्मिंगहॅम आणि त्यालगतचा 'ब्लॅक कंट्री' या नावाने ओळखला जाणारा औद्योगिक पट्टा ही या समूहाची जन्मभूमी होय. के. के. डाउनिंग हे १९७० पासून समूहाचे एकमेव गिटारवादक होते. १९७४ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिकेची तयारी सुरू असता 'गल' या ध्वनिमुद्रण कंपनीने समूहाचा ध्वनी अधिक भरीव व्हावा यासाठी पाचवा सदस्य घेण्याची सूचना केली. की-बोर्ड किंवा फुंकवाद्य घेण्यास डाउनिंग अनुकूल नव्हते. त्यांनी दुसरा मुख्य गिटारवादक घेण्याचा पर्याय निवडला आणि 'फ्लाइंग हॅट बँड' या स्थानिक समूहातील ग्लेन टिप्टन यांना निमंत्रित केले.

या निर्णयाचे महत्त्व वेगळे आहे. विशबोन ॲशमध्ये दोघे एकाच वेळी आले होते. थिन लिझीमध्येही दोघे एकत्रच दाखल झाले. ज्यूडास प्रीस्टमध्ये मात्र आधीपासून असलेल्या मुख्य वादकाने आपल्या अधिकारक्षेत्रात दुसऱ्या मुख्य वादकाला स्वतःहून वाटा दिला. व्यवस्थेच्या मुळाशी असलेला हा त्याग पुढील चार दशकांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दोघांची प्रकृती परस्परपूरक होती. बालपणी आईकडून पियानोचे धडे घेतलेले टिप्टन आपले एकलवादन टप्प्याटप्प्याने रचीत असत. हेंड्रिक्स यांना आदर्श मानणारे डाउनिंग उत्स्फूर्त आणि आवेगी वादनाकडे झुकत. १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास' या ध्वनिमुद्रिकेतील 'बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ' या गीतात पहिले एकलवादन टिप्टन यांचे, तर दुसरे डाउनिंग यांचे आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली असता जोडगिटारीचा आधार साम्यात नसून भेदात आहे, हे स्पष्ट होते. याउलट १९८२ च्या 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स' या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीची 'द हेलियन' ही अवघ्या एका मिनिटाहूनही लहान रचना दोन्ही गिटारांच्या स्वरसंवादावर उभी आहे. भेद आणि ऐक्य ही दोन्ही टोके एकाच जोडीने अशा रीतीने हाताळली.

समानतेचा संकेत श्रेयातही उतरला. १९८० च्या 'ब्रिटिश स्टील' या ध्वनिमुद्रिकेतील सर्व गीतांचे श्रेय रॉब हॅलफर्ड, डाउनिंग आणि टिप्टन या तिघांच्या नावे संयुक्तपणे दिले आहे. विशिष्ट रिफ कोणाला सुचला याची नोंद त्यात नाही. संयुक्त श्रेयाचा हा संकेत पुढेही दीर्घकाळ टिकला.

या ठिकाणी एका प्रचलित स्पष्टीकरणाची तपासणी करणे उचित ठरेल. हेवी मेटलचा कठोर ध्वनी आणि बर्मिंगहॅम परिसरातील कारखानदारी यांचा संबंध अनेकदा जोडला जातो. टिप्टन यांनी तरुणपणी 'ब्रिटिश स्टील' या उद्योगात काही वर्षे काम केले होते, आणि याच नावाची ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये, ब्रिटनमधील पोलाद कामगारांचा देशव्यापी संप नुकताच मिटला असता, प्रसिद्ध झाली. हा संबंध अर्थपूर्ण आहे. परंतु जोडगिटारीचे कारण म्हणून तो पुरेसा नाही. त्याच बर्मिंगहॅममध्ये 'ब्लॅक सॅबथ' या समूहाचे टोनी आयोमी १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसले, आणि त्यांनी मात्र अखेरपर्यंत एकमेव गिटारवादक म्हणूनच समूहाचे नेतृत्व केले. एकाच औद्योगिक भूमीतून एकल आणि जोड अशा दोन्ही परंपरा उगवल्या. परिसराने ध्वनीचा पोत समजावून सांगता येतो. भागीदारी समजून घेण्यासाठी मात्र समूहांतर्गत निर्णयांकडेच पाहावे लागते.

आयर्न मेडन : दोनाकडून तिनाकडे

पूर्व लंडनमध्ये १९७५ च्या डिसेंबर महिन्यात स्टीव्ह हॅरिस यांनी स्थापन केलेल्या 'आयर्न मेडन' या समूहात जोडगिटारीचा निराळा प्रकार पाहावयास मिळतो. हॅरिस हे बास गिटारवादक आणि समूहाचे प्रमुख रचनाकार होते. विशबोन ॲश आणि थिन लिझी या समूहांच्या परंपरेशी त्यांच्या रचनांचे नाते स्पष्ट आहे. डेव्ह मरे हे आरंभीच्या काळातील वादक आणि १९८० च्या उत्तरार्धात डेनिस स्ट्रॅटन यांच्या जागी आलेले एड्रियन स्मिथ हे बालपणापासूनचे मित्र होते. १९८१ ते १९८८ या काळातील ध्वनिमुद्रिकांमधून या जोडीचा स्वरसंवाद जगभर पोहोचला.

ज्यूडास प्रीस्टमध्ये दोन्ही गिटारवादक रचनेचे भागीदार होते, तर येथे रचनेचे सूत्र प्रामुख्याने तिसऱ्याच्या हाती होते. त्यामुळे दोघांची समानता वादनातील होती, निर्मितीतील नव्हे. स्मिथ यांनी १९८४ चे 'टू मिनिट्स टू मिडनाइट' हे गीत ब्रूस डिकिन्सन यांच्यासह आणि १९८६ चे 'वेस्टेड इयर्स' हे गीत एकट्याने रचले. तरीही समूहाची एकंदर दिशा हॅरिस यांच्याकडेच राहिली. १९९० मध्ये नव्या ध्वनिमुद्रिकेच्या पूर्वतयारीच्या काळात स्मिथ बाहेर पडले आणि यानिक गर्स यांनी त्यांची जागा घेतली.

१९९९ मध्ये स्मिथ परतले, तेव्हा समूहासमोर एक पेच होता. संकेतानुसार जागा दोनच होत्या. गर्स यांना जाण्यास सांगणे हा सोपा मार्ग होता. समूहाने तो स्वीकारला नाही; तिन्ही गिटारवादक कायम ठेवण्यात आले आणि २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही तिघांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात या समूहाने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ केला, तेव्हा महाराष्ट्रातील श्रोत्यांनी ही तीन गिटारांची मांडणी प्रत्यक्ष अनुभवली. १९८० नंतरच्या दशकात दोन गिटारांसाठी रचलेल्या गीतांमध्ये तिसऱ्या वादकासाठी जागा करून दिली गेली होती. एका माणसाला वगळण्यापेक्षा रचनाच पुन्हा वाटून घेण्याचा हा निर्णय जोडगिटारीच्या इतिहासात अपवादात्मक आहे.

श्रेयाची नोंद

दोन वादकांचा ध्वनी एकमेकांत मिसळतो तेव्हा कोण काय वाजवितो हे सामान्य श्रोत्याला कळत नाही. समानतेला यातून एक सूक्ष्म धोका संभवतो, कारण एकाचे काम दुसऱ्याच्या नावे जमा होऊ शकते. यावर काही समूहांनी नोंदीचा उपाय योजला. अमेरिकेतील 'स्लेयर' या समूहाच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड' या ध्वनिमुद्रिकेच्या गीतपत्रिकेत प्रत्येक एकलवादनाच्या जागी जेफ हॅनमन किंवा केरी किंग यांचे नाव छापले आहे. कामाची वाटणी अशी छापील स्वरूपात येताच ती तपासता येण्याजोगी होते.

या नोंदींची एक मर्यादाही आहे. नाव छापले जाते ते एकलवादनाचे. त्याच वेळी दुसऱ्याने केलेल्या साथीचा उल्लेख होत नाही. वस्तुतः जोडगिटारीतील समानता साथीच्या प्रसंगीच कसाला लागते. एक वादक पुढे आला असता दुसऱ्याने मागे राहून रिफ अचूक धरून ठेवावा लागतो, आणि काही क्षणांनी हेच काम पहिल्याने दुसऱ्यासाठी करावयाचे असते. ही परतफेड ज्या जोडीत नियमाने होते, तीच जोडी टिकते. याच्या तुलनेत 'मेटॅलिका' या समूहात दोन गिटारवादक असूनही ऱ्हिदमचे काम मुख्यत्वे जेम्स हेटफिल्ड यांच्याकडे आणि एकलवादन मुख्यत्वे कर्क हॅमेट यांच्याकडे राहिले. ध्वनी तितकाच भरीव असला तरी ती जुनी विभागणी होय. दोन गिटारे असणे म्हणजे जोडगिटार असणे नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

जागा आणि व्यक्ती

एप्रिल २०११ मध्ये डाउनिंग ज्यूडास प्रीस्टमधून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. टिप्टन यांच्याशी असलेली त्यांची सदतीस वर्षांची भागीदारी संपुष्टात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात डाउनिंग यांनी समूहातील मतभेदांविषयी आणि टिप्टन यांच्याशी असलेल्या तणावाविषयी लिहिले आहे. ही एका बाजूची साक्ष होय, आणि तिच्याकडे तसेच पाहिले पाहिजे. तथापि श्रोत्यांना अभेद्य वाटणारी समानता आतून किती ताण सोसत होती, याची कल्पना त्यावरून येते.

डाउनिंग यांच्या जागी रिची फॉकनर हे तरुण वादक आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिप्टन यांनी आपल्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे जाहीर केले. निदान दहा वर्षांपूर्वीच झाले होते आणि या काळात ते वाजवीत राहिले होते. त्यानंतरच्या दौऱ्यांत अँडी स्नीप यांनी त्यांच्या जागी वादन केले. टिप्टन यांचे सदस्यत्व कायम राहिले आणि काही मैफलींच्या अखेरीस ते रंगमंचावर येत. जानेवारी २०२२ मध्ये समूहाने यापुढील दौरा फॉकनर या एकाच गिटारवादकासह करण्याचा निर्णय जाहीर केला. श्रोत्यांमध्ये त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि अवघ्या काही दिवसांत निर्णय मागे घेऊन स्नीप यांना परत बोलाविण्यात आले.

हा प्रसंग वरवर किरकोळ वाटला तरी ऐतिहासिक दृष्टीने बोलका आहे. मूळ जोडीपैकी एकही वादक त्या वेळी नियमितपणे मैफलीत वाजवीत नव्हता. तरीही श्रोत्यांनी दोन गिटारवादकांचा आग्रह धरला. डुएन ऑलमन यांच्यानंतर रिकाम्या जागी पियानो आणणे १९७२ मध्ये शक्य झाले होते. पन्नास वर्षांनंतर हेवी मेटलमध्ये दुसऱ्या गिटारची जागा रिकामी ठेवणेही शक्य राहिले नाही. व्यक्ती गेल्या तरी जागा उरल्या. एखाद्या प्रथेचे संस्थेत रूपांतर होते ते असेच. स्लेयरच्या बाबतीतही जेफ हॅनमन यांचे २ मे २०१३ रोजी निधन झाल्यानंतर त्यांची जागा गॅरी होल्ट यांनी सांभाळली.

अर्थात संस्था टिकली म्हणून व्यक्तींचे ऋण फिटत नाही. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिस येथे 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये ज्यूडास प्रीस्टचा गौरव झाला, तेव्हा डाउनिंग समूह सोडल्यानंतर अकरा वर्षांनी पुन्हा त्याच्यासोबत रंगमंचावर आले. एका बाजूस टिप्टन आणि दुसऱ्या बाजूस डाउनिंग असे दृश्य श्रोत्यांना पुन्हा दिसले. तो पुनर्मिलनाचा प्रारंभ नव्हता. त्या सोहळ्यापुरतेच ते मर्यादित राहिले. दोन जागा भरता येतात, परंतु ज्या दोघांनी त्या जागा निर्माण केल्या त्यांचे परस्परांशी असलेले नाते त्यांत भरून ठेवता येत नाही, याची जाणीव त्या सोहळ्याने करून दिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जोडगिटार ही केवळ स्वरसंवादाची शैली नसून समान दर्जाच्या दोन वादकांमधील काम, श्रेय आणि रंगमंचीय अवकाश यांच्या वाटणीची व्यवस्था आहे.

२. तिचा उगम कोणत्याही एका कारणात शोधता येत नाही. विशबोन ॲशमध्ये निवडीतील अनिश्चितता, थिन लिझीमध्ये सदस्यबदल, तर ज्यूडास प्रीस्टमध्ये ध्वनिमुद्रण कंपनीची सूचना आणि तिला एका वादकाने दिलेला प्रतिसाद कारणीभूत ठरला. औद्योगिक परिसराचे स्पष्टीकरण या बाबतीत अपुरे पडते.

३. समानता टिकविण्यासाठी आळीपाळीचे एकलवादन, संयुक्त रचनाश्रेय आणि छापील नोंद असे संकेत निर्माण करावे लागले. त्यांपैकी परस्परांना दिलेली साथ हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला घटक होय.

४. १९७२ ते २०२२ या काळात जोडगिटारीचे केंद्र व्यक्तींकडून जागांकडे सरकले. या स्थित्यंतरामुळे प्रथेला स्थैर्य लाभले, परंतु मूळ भागीदारांमधील तणाव त्यामुळे निवळला नाही.

लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा एकेका प्रतिभावंताच्या चरित्रातून सांगितला जातो. जोडगिटारीचा इतिहास त्या पद्धतीने सांगता येत नाही, कारण येथे एकाचे वादन दुसऱ्याने मागे राहून धरलेल्या लयीवर उभे असते. कलाक्षेत्रातील सहकार्याचा अभ्यास करताना पुढे आलेल्या वादकाइतकेच, त्या क्षणी मागे राहिलेल्या वादकाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.